पाऊस तेवढाच, मग भांडणं का वाढली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : हवामान बदलामुळे पाण्यावरून तंटे वाढतात म्हणतात. पण दुष्काळ आधीही पडायचेच. मग नवीन काय घडतंय? – एक वाचक, लातूर

पाऊस पडायची तऱ्हा बदलली. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सावकाश मुरतं. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला की ओढा दुथडी वाहतो आणि विहीर मात्र जानेवारीतच तळ गाठते.

तरीही सगळा दोष आभाळाला देऊ नये. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाठोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता, हे खरं. पण त्याच पट्ट्यात ऊसही उभा होता. टंचाई हवामान आणतं, तिचा तंटा वाटप करतं.

प्रश्न : दिवाळी झाली की आमच्याकडे विहीरवाले आणि बोअरवाले यांच्यात जुंपते. ग्रामसभेत नेमकं काय ठरवावं? – एक ग्रामपंचायत सदस्य, परभणी जिल्हा

आधी आकडे फळ्यावर मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिमी. एकूण ४० लाख घनमीटर झाले. मुरतं त्यातलं साधारण दहा टक्के धरा : ४ लाख.

आता खर्च. २,००० माणसांना दररोज ५५ लिटर धरले तर वर्षाला ४० हजार घनमीटर. हजार मोठी जनावरं, ६० लिटरप्रमाणे, २२ हजार. पुढचा पाऊस लांबला तर म्हणून आणखी ४० हजार राखून ठेवा. शिल्लक सुमारे ३ लाख. एवढ्यात ऊस लावला तर १५ हेक्टर भिजतो (हेक्टरी २०,००० घनमीटर धरून). रब्बी ज्वारीला ३,५०० धरले तर ८५ हेक्टर. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की चर्चेचा सूरच बदलतो. हिवरे बाजारमध्ये असा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवतात. तिथे शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळीही नाही.

हिशेब ऑक्टोबरातच करा. पेरणी उरकल्यावर केलेला ताळेबंद कोणीही पाळत नाही, कारण बियाण्याचे पैसे गेलेले असतात. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या केंद्रावरून न घेता गावात पर्जन्यमापक बसवून घ्या. दहा किलोमीटरवर दुसराच पाऊस असतो. चार-पाच विहिरी ठरवून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात पातळी मोजा. मोजण्याआधी रात्रभर मोटार बंद हवी, नाहीतर आकडा फसवा येतो.

सगळ्यात मोठी गळती म्हणजे बोअरच्या पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं शेततळं. ३० बाय ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी बाष्पीभवन धरलं तरी ७,००० लिटर हवेत जातात. वर सगळ्यांच्या भूजलाला एकाच्या मालकीचं कुंपण पडतं. शेततळं ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरा, असा ठराव घ्या. ६० मीटरपेक्षा खोल बोअर शेतीसाठी घेऊ नये असं २००९ चा भूजल कायदा सांगतो. कागदावर.

प्रश्न : जायकवाडीला वरून सोडलेलं पाणी पोहोचतं किती? – एक वाचक, पैठण

जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यातलं पोहोचतं किती, हे सोडण्याच्या वेळेवर ठरतं. नदीपात्र कोरडं पडण्याआधी सोडलं तर घट कमी होते. उशीर झाला की वाळूच बरंचसं पिते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढाव्या लागतात, काठच्या मोटारींची वीज तोडावी लागते. वाद याच दोन कामांवरून पेटतो, म्हणून त्यांच्या तारखा आदल्या महिन्यातच दोन्हीकडच्या लाभधारकांना कळवायला हव्यात.