कंपनी करकपातीचा लाभ कोणाच्या पदरात?

केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये, वजावटी सोडण्यास तयार असलेल्या कंपन्यांसाठी, प्राप्तिकराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. त्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : या कपातीमुळे सरकारने वर्षाला 1.45 लाख कोटी रुपयांवर पाणी सोडले, असे वाचले होते. हा पैसा शेवटी गेला कोणाकडे? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 20 सप्टेंबर 2019 रोजी सकाळी ही घोषणा केली आणि त्याच दिवशी सेन्सेक्स 1,921 अंकांनी चढला. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या उसळीतच आहे. मोठ्या कंपनीने करापूर्वी 100 रुपये मिळवले, तर अधिभार व उपकर (मूळ करावर लागणारे जादा कर) धरून पूर्वी 34.94 रुपये कर जात असे आणि 65.06 रुपये उरत. नव्या दराने 25.17 रुपये जातात आणि 74.83 रुपये उरतात. म्हणजे एकही जादा नग न विकता करोत्तर नफा 15 टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांच्या हाती त्या दिवशी समभाग होते त्यांनी ही वाढ बाजार बंद होण्यापूर्वीच पदरात पाडून घेतली. आपल्याकडील सूचिबद्ध कंपन्यांचे साधारण निम्मे भागभांडवल प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक गटाकडे, असते, त्यानंतर परदेशी गुंतवणूकदार आणि देशी वित्तसंस्था येतात, आणि थेट समभाग बाळगणाऱ्या व्यक्तींचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास भरतो. सरकारी कंपन्यांपुरता मात्र प्रवर्तक सरकारच असल्याने तेथे या खिशातले त्या खिशात गेले.

ग्राहकाच्या वाट्याला काय आले, हे सांगणे अवघड आहे. मारुती सुझुकीने त्याच महिन्यात काही मॉडेलांची किंमत 5,000 रुपयांनी उतरवली होती. परंतु तेव्हा वाहनांचा खप इतका मंदावला होता, की ती सूट करकपातीमुळे मिळाली की गिऱ्हाइकाअभावी, याची फोड करता येत नाही.

प्रश्न : भोसरीत माझे छोटे वर्कशॉप प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदलेले आहे. वर्षाला 40 लाखांच्या आसपास नफा होतो. 22 टक्क्यांचा दर घ्यावा, असे सगळे सांगतात. पण मला त्यात फारसा फायदा दिसत नाही. माझे काही चुकते आहे का? (लघुउद्योजक, पुणे)

आपले काहीच चुकत नाही. बातम्यांत दर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आला, पण 400 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना 2019 च्या जुलैतल्या अर्थसंकल्पानेच 25 टक्क्यांचा दर दिला होता. आपला नफा एक कोटीच्या आत असल्याने जुन्या पद्धतीत आपल्याला अधिभार लागत नाही, तर नव्या पद्धतीत तो सरसकट 10 टक्के लागतो. त्यामुळे खरी तुलना 26 टक्के आणि 25.17 टक्के यांच्यात आहे. चाळीस लाखांवर एकीकडे 10,40,000 रुपये कर होतो, दुसरीकडे 10,06,720 रुपये. वाचतात ते 33,280 रुपये. पूर्वी 34.94 टक्के भरणाऱ्या, 1,000 कोटी नफ्याच्या मोठ्या कंपनीचे मात्र जवळपास 98 कोटी वाचतात.

त्यातही एक मेख आहे. 22 टक्क्यांचा दर घेतला, की अनेक वजावटी सोडाव्या लागतात. समजा, आपण वर्षाच्या पूर्वार्धात 30 लाखांचे नवे सीएनसी मशिन घेऊन सुरू केले, तर जुन्या पद्धतीत नेहमीच्या घसाऱ्याशिवाय (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणाऱ्या वजावटीशिवाय) 20 टक्के, म्हणजे 6 लाख रुपये, अतिरिक्त घसारा मिळतो. करपात्र नफा 34 लाखांवर येतो आणि कर 8,84,000 रुपये होतो, जो नव्या पद्धतीपेक्षा त्या वर्षापुरता 1,22,720 रुपयांनी कमी आहे. हा फरक पुढील वर्षांत घसारा कमी मिळाल्याने बराचसा भरून निघतो, हे खरे. पण नवा दर एकदा निवडला की मागे फिरता येत नाही, म्हणून यंत्रखरेदी तोंडावर असेल तर घाई करू नये. सीएंकडून दोन्ही पद्धतींचा तीन वर्षांचा तक्ता मांडून घ्यावा. आपला शेजारी हाच धंदा भागीदारी संस्था म्हणून करत असेल, तर त्याच्या संस्थेचा दर 30 टक्के अधिक उपकर असा 31.2 टक्केच राहिला. त्याला या घोषणेतून दमडीही मिळाली नाही.

प्रश्न : कपातीमुळे कारखाने वाढतील आणि रोजगार येईल, असे सांगण्यात आले होते. आमच्याकडे तर कंत्राटी भरतीच वाढली. (कामगार, चाकण)

या घोषणेत दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांची गल्लत केली जाते. 1 ऑक्टोबर 2019 पासून स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना 15 टक्क्यांचा मूळ दर दिला गेला. उत्पादन सुरू करण्याची मुदत पुढे 31 मार्च 2024 पर्यंत वाढवली गेली आणि तेव्हा ती संपली. ही सवलत नवा कारखाना उभारला तरच मिळत होती, म्हणून तिला प्रोत्साहन म्हणता येते. 22 टक्क्यांचा दर मात्र आधीच उभ्या असलेल्या यंत्रांवरील नफ्याला, तोही 1 एप्रिल 2019 पासून, लागू झाला. जी गुंतवणूक होऊन गेली आहे तिच्यावर दिलेली सवलत हे माझ्या मते बक्षीस असते, आणि महसुलाचा मोठा हिस्सा या बक्षिसावर खर्च झाला.

शिवाय मालक नवी लाइन टाकतो तो ऑर्डर हातात असतील तर. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2019 च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीत कारखान्यांची जेमतेम 69 टक्के क्षमता वापरात होती. तीनपैकी एक यंत्र बंद असताना कर कितीही उतरवला, तरी चौथे कोण घेणार? पुढे कोविड आल्याने कपातीचा निव्वळ परिणाम वेगळा काढणे कठीण झाले. तरीही सरकारच्याच 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालात, 2023-24 मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला असताना रोजगार केवळ 1.5 टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. आपल्याला जे फाटकावर दिसते, ते दिल्लीच्या कागदावरही आले आहे.

प्रश्न : कंपनीकराचा बोजा कामगारांवरही पडतो, असे आम्हाला शिकवतात. मग कर कमी केल्यास वेतन वाढायला हवे ना? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सिद्धांत बरोबर आहे, पण त्यात किती वाटा आणि किती काळाने, हे दोन प्रश्न दडलेले आहेत. जर्मनीतील नगरपालिकांच्या वेगवेगळ्या करदरांवरून झालेल्या अभ्यासात कराचा साधारण निम्मा बोजा वेतनावर पडतो, असे आढळले. अमेरिकी संसदेचे अधिकृत अंदाज दीर्घकाळासाठी पाव हिस्सा श्रमिकांवर टाकतात. अमेरिकेने 2018 पासून दर 35 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान 4,000 डॉलरने वाढेल, असे राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितले होते. प्रत्यक्ष करविवरणपत्रे तपासणाऱ्या संशोधकांना कमाईतली वाढ कंपनीतल्या वरच्या दहा टक्के वेतनधारकांपुरतीच दिसली. जर्मनीत वेतनकरार संघटना करतात. तेथील आकडा कंत्राटदारामार्फत कामावर येणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

प्रश्न : केंद्राने स्वतःचा कर कमी केला, त्याचा राज्यांशी काय संबंध? (शिक्षक, लातूर)

संबंध थेट आहे. कंपनीकर विभाज्य निधीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये वाटून घेतात त्या निधीत, जमा होतो आणि त्या वेळी त्यातले रुपयामागे 42 पैसे राज्यांचे होते. अधिभार आणि उपकर मात्र वाटून घेतले जात नाहीत. 30 चे 22 झाले ते वाटणीतल्या करातून. म्हणून सोडलेल्या महसुलाची मोठी झळ महाराष्ट्रासह सर्व राज्यांच्या तिजोऱ्यांना बसली. पुढच्याच वर्षी, मार्च आणि मे 2020 मध्ये, केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे एकूण 13 रुपयांनी आणि डिझेलवरील 16 रुपयांनी वाढवले, आणि ती वाढ राज्यांना वाटा द्यावा न लागणाऱ्या उपकराच्या व विशेष शुल्काच्या रूपात केली. लातूरहून औशाला दुचाकीने शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने ते पैसे पंपावर भरले.