बाविसाव्या वर्षी ध्येय ठरलेलं असायलाच हवं का? आणि ठरवलं तर घरच्यांना सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की मित्रांची पुढच्या दहा वर्षांची आखणी तयार आहे आणि तुम्हाला पुढचं वर्षसुद्धा दिसत नाही. ध्येय असावंच. पण दहा वर्षांनंतरचं चित्र म्हणजे ध्येय नव्हे. हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर माझी सहा वर्षं वाचली असती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका वक्त्याने आम्हाला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची गोष्ट सांगितली. १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपलं ध्येय कागदावर उतरवलं होतं आणि २० वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली म्हणे. सगळं सभागृह भारावून गेलं. मी घरी येऊन जाड कार्डावर लिहिलं, 'तिसाव्या वर्षापर्यंत पीएचडी', आणि टेबलासमोर भिंतीला लावलं. येलमध्ये असा अभ्यास कधी झालाच नव्हता, हे फार उशिरा कळलं.

बाबांना ते कार्ड फार आवडलं. घरी कुणीही आलं की खोलीत आणून दाखवायचे, "आमच्या हिचं ठरलंय." आणि दर वेळी मला खरंच काही मिळवल्यासारखं वाटायचं. चोविसाव्या वर्षी माझ्याकडे विषय नव्हता, मार्गदर्शक नव्हता, टिपणांची एक वहीसुद्धा नव्हती. लोकांच्या लेखी मात्र मी वाटेला लागलेली होते.

सव्विसाव्या वर्षी मी कार्ड काढलं. बाबा म्हणाले, "ध्येयच सोडलंस, मग उरलं काय?" ते वाक्य अजून बोचतं. आम्ही कितीतरी दिवस धड बोललो नाही. त्याच काळात मी पहिल्यांदा कामाला लागले. नियम एकच होता: सकाळी आंघोळ झाली की थेट टेबलाशी, आणि आदल्या रात्री उघडं ठेवलेलं पान आधी वाचायचं. तीन महिन्यांत तीस शोधनिबंधांची टिपणं काढायची, त्यापुढचं बघायचं नाही. तेहेतिसाव्या वर्षी पीएचडी झाली. बाबा आजही म्हणतात, कार्डामुळे झाली. मला ते मान्य नाही आणि मी ते त्यांना दर वेळी सांगते.

हा फक्त माझा हट्ट नाही. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना सांगितलं, सात बैठकांत ४२ पानं संपवा. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं. काम तेवढंच, पण सहा पानंवाली मुलं वजाबाकी जास्त चांगली शिकली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासही वाढला. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधीच ठरवलेलं माणसाच्या हातून जास्त वेळा पार पडतं. माझी आंघोळ आणि उघडं पान म्हणजे तेच, फक्त मला तेव्हा ते माहीत नव्हतं.

घरच्यांना सांगावं का? माझं मत, नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. याच गॉलविट्झर यांच्या २००९ च्या प्रयोगांत, ज्या विद्यार्थ्यांचा 'मला अमुक बनायचंय' हा इरादा दुसऱ्याने वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी पुढे कमी काम केलं. कौतुक आधीच पदरात पडतं. सांगायचंच असेल तर 'काय होणार' ते सांगू नका, या आठवड्यात काय केलं ते सांगा.

बाबांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांच्या संशोधनातून दाखवलंय की नेमकं आणि अवघड ध्येय समोर असलं की माणूस 'जमेल तेवढं करू' म्हणणाऱ्यापेक्षा सरस काम करतो. पण ते काम आधी करता यायला हवं. येत नसेल तर आधी शिकण्याचं ध्येय ठेवा, निकालाचं नंतर. आणि घरची जबाबदारी किंवा आजारपण अंगावर असेल, तर तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांचंच ठरवा. मित्रांच्या दहा वर्षांच्या आखण्या बघून घाबरू नका. पुढच्या सोमवारी ते नक्की काय करणार आहेत, एवढंच त्यांना विचारून बघा.