कोडिंग राउंड: कीबोर्डला हात लावण्याआधी

नोकरीच्या मुलाखतीतल्या ४५ मिनिटांच्या कोडिंग राउंडमध्ये पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न विचार. ॲरे (घटकांची यादी) सॉर्टेड, म्हणजे क्रमाने लावलेला, आहे का? डुप्लिकेट चालतील? आणि मुख्य म्हणजे n, म्हणजे घटकांची संख्या, किती मोठी? n एक लाख असेल तर दुहेरी लूप म्हणजे १००० कोटी फेऱ्या, टाइमआउट (वेळमर्यादा ओलांडणं) ठरलेलाच. सॉर्ट करून सोडवलंस तर साधारण १७ लाखांत भागतं. बरेच जण इथेच घसरतात, कोड येत असूनही.

जावात बायनरी सर्च (सॉर्टेड ॲरे दरवेळी अर्धा करत शोधणं) लिहिताना low (सुरुवात) आणि high (शेवट) यांची मधली जागा काढायला (low+high)/2 टाळ; बेरीज २१४ कोटींपुढे गेली की इंट (पूर्णांक साठवणारा प्रकार) उलटून ऋण होतो. low+(high-low)/2 लिही. मग रिकामा ॲरे आणि एकच घटक असलेला ॲरे घेऊन मोठ्याने ड्राय रन कर, म्हणजे कोड न चालवता एकेक ओळ बोलून तपास. गप्प बसून टाइप करत राहिलास, तर अडकल्यावर समोरचा हिंट तरी कशावर देणार?