दोन सर्व्हिस, एक फोन: ॲडॅप्टरवर कॉलचे नियम लावताना

तुम्ही विचारलंय की परदेशात जाताना इंटरनेट फोनचा ॲडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारा डबा) सोबत नेताय, त्यावर तिथली लोकल सर्व्हिस आणि भारतात बोलायला दुसरी अशा दोन टाकायच्यात, तर नंबर बघून कॉल आपोआप बरोबर लाइनवर कसा जाईल. मी बाहेर आल्यावर हेच केलं, दोनदा चुकून.

आधी डबा कुठला ते बघा. ग्रँडस्ट्रीम एचटी८०२ ला दोन पोर्ट, म्हणजे फोन जोडायच्या दोन जागा, आणि प्रत्येक पोर्टची आपापली सर्व्हिस, म्हणजे कुठल्या फोनवरून लावायचा ते तुम्हीच ठरवायचं. एकाच फोनवर नंबर बघून लाइन बदलायची तर ओबी२०० सारखा ॲडॅप्टर लागतो, त्यात चार सर्व्हिस बसतात. कुठला नंबर कुठल्या लाइनवर जाईल हे त्याच्या सेटिंगमध्ये नियम लिहून सांगायचं; नियम डावीकडून उजवीकडे वाचले जातात आणि पहिला जुळला की बाकीचे बघतच नाही, त्यामुळे नेमके नियम आधी आणि मोघम शेवटी.

नियमात एक्स म्हणजे कुठलाही एक आकडा. आकडे मोजून लिहिलेत, म्हणजे ००९१ आणि पुढे दहा एक्स, तर शेवटचा आकडा दाबला की कॉल लगेच सुटतो. "कितीही आकडे" असं मोकळं ठेवलं तर अजून आकडे येतील का म्हणून डबा दोनतीन सेकंद गप्प बसतो आणि घरचे म्हणतात फोन बंद पडला. भारतातली लँडलाइनसुद्धा एसटीडी कोडचं शून्य काढलं की दहाच आकडी होते, म्हणजे एकाच नियमात मोबाईलही आला आणि लँडलाइनही. अमेरिका-कॅनडात बाहेरच्या देशाला ०० नाही तर ०११ लावतात, तिथे जात असाल तर तोही नियम टाका, सवय काही एका दिवसात जात नाही.

खरी गंमत शून्याची. आपल्या फोनबुकात अर्धे नंबर शून्य लावून सेव्ह असतात आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी लोकल नंबरही शून्यानेच सुरू होतो, मग मावशीला लावलेला फोन लोकल लाइनवर जातो आणि "हा नंबर अस्तित्वात नाही" असं परक्या भाषेत ऐकू येतं. ह्याला नियमाने औषध नाही, नंबरच ००९१ करून सेव्ह करा.

आता माझी मोठी चूक. घरच्यांसाठी तीन आकडी स्पीड डायल केले होते, एकने सुरू होणारे, आणि तो नियम सगळ्यात आधी. काही महिन्यांनी सहज वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की ११२ पण तीन आकडी, एकने सुरू होणारा, म्हणजे तोही स्पीड डायलमध्येच अडकत होता. इमर्जन्सी नंबर सगळ्यात पहिला नियम, आणि तो राहता त्या देशाच्याच सर्व्हिसवर, तिथे नवा पत्ता रजिस्टर करून. लाइट गेली की डबा बंद, त्यामुळे मोबाईल चार्ज असू द्याच.

आवाज एकाच बाजूने आला तर नियमांच्या मागे लागू नका, राउटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं एक सेटिंग) बंद करून बघा.

आणि येणारे कॉल. तुमच्या पहाटे तीनला भारतातले नातेवाईक फोन करणारच, त्यांच्याकडे तेव्हा सकाळ झालेली असते. वेळेनुसार कॉल व्हॉइसमेलला वळवायची सोय बऱ्याच प्रोव्हायडरच्या पोर्टलवर असते, तिथेच लावा, आणि आधी पोर्टलचा टाइमझोन तपासा, माझा आठवडाभर भारतातलाच होता.