फॉर्म भरताना शेजारी कोण बसतं?

गरीब घरातल्या मुलांना कॉलेजपर्यंत पोचवायची धडपड करणाऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेते.

प्रश्न: मी सुट्टीच्या दिवशी पाच मुलांना शिकवतो. स्कॉलरशिपची सगळी माहिती ग्रुपवर टाकतो, तरी फॉर्म कुणीच भरत नाही. आळस, दुसरं काय?

आळस नाही हो. अमेरिकेत 2008 साली एक प्रयोग झाला होता, कमी उत्पन्नाचे लोक टॅक्स भरायला ज्या ऑफिसात यायचे तिथेच काहींच्या मुलांचा सरकारी मदतीचा फॉर्म हातोहात भरून दिला, जेमतेम दहा मिनिटांचं काम, आणि काहींना नुसती माहिती दिली. नुसत्या माहितीने काही म्हणजे काही फरक पडला नाही, पण फॉर्म भरून दिला त्या बारावीच्या मुलांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 28 वरून 36 टक्क्यांवर गेलं.

माझ्याकडची एक मुलगी 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यापाशी वीस मिनिटं अडकली होती, कारण वडिलांची मजुरी रोज वेगळी आणि आकडा चुकला तर आपल्याला खोटं ठरवतील ही भीती. ग्रुपवर तिने हे जन्मात विचारलं नसतं. तेव्हा शेजारी बसा, पण टाईप तिलाच करू द्या, पासवर्ड तिच्याच वहीत राहू दे. आणि आधी सगळे कागद समोर ठेवून नावाचं स्पेलिंग जुळतंय का बघा, निम्मे फॉर्म तिथेच लटकतात.

प्रश्न: मुलगा रात्रभर वाचतो, पानंच्या पानं पिवळी करतो, पेपरात मात्र काही आठवत नाही.

हायलायटर काढून घ्या आधी! रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हापुन्हा वाचलेलं पाच मिनिटांनी छान आठवतं, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारेच पुढे असतात. कोरा कागद आणि पेन, बास. क्लास लावायची ऐपत नसली तरी एवढं जमतं.

प्रश्न: मुलगी हुशार आहे, पण वडील म्हणतात कमवायला लाग. त्यांना कसं पटवू?

पटवायला जाऊच नका, त्यांचा हिशोब ऐका. फी तर आहेच, पण ती कमवत नाही त्या वर्षांचं घर कसं चालणार हा त्यांचा खरा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. फीमधून स्कॉलरशिप वजा करून नक्की किती उरतात ते त्यांच्यासमोर कागदावर मांडा. कधीकधी गणित खरंच बसत नाही, मग काम करत शिकता येईल असा कोर्स बघा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: ॲडमिशन झाली, आता आमचं काम संपलं ना?

छे! जागा मिळालेली मुलं सुट्टीतच गळतात, कुठे फीची तारीख हुकते, कुठे हॉस्टेलचा कागद राहतो. कॉलेज सुरू होईपर्यंत आठवड्याला एक फोन करा, आणि 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका, 'हो' एवढंच ऐकू येईल. 'कॉलेजचा शेवटचा मेसेज काय आलाय, वाचून दाखव बरं' म्हणा.