लूर्दला मरियामातेने दर्शन दिलं, याला काही पुरावा आहे का?

दर्शनाला पुरावा नाही आणि तो मिळण्यासारखाही नाही. लूर्द हे फ्रान्समधलं तीर्थक्षेत्र. तिथल्या गुहेत १८५८ साली बर्नादेत या मुलीला मरियामाता दिसली असं मानतात, आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्याने आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. तिथे तपासणी होते ती बरं झालेल्या माणसांची. या दोन गोष्टींची गल्लत आमच्या वसईत घरोघरी होते. माझ्या मावसभावाने याच कारणावरून माझ्याशी बोलणं टाकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २००६ साली आईच्या स्तनात गाठ निघाली. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच मी स्लाइड पाहिली होती, त्यामुळे घरी काय सांगायचं हे मला रात्रभर ठरवता आलं नाही. ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा केमो. पहिली केमो झाली आणि मावशी लूर्दहून यात्रा करून आली. तिने मातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली आणली होती, डोक्यावरचा निळा मुकुट हेच झाकण. आई रोज सकाळी उलटीच्या गोळीआधी 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणून एक झाकणभर पाणी घ्यायची.

आई बरी झाली. तेव्हा मावशीने हट्टच धरला की प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष द्यायची, लूर्दच्या पाण्याने कॅन्सर गेला म्हणून. केमोचं नावही घ्यायचं नाही. मी आईला जाऊ दिलं नाही. सगळ्यांसमोर आवाज चढवला, आणि ते चुकलंच माझं. पण त्याच आठवड्यात आमच्या आळीतली एक बाई स्वतःची गाठ घरात लपवून मावशीकडे ते पाणी मागायला आली होती. तिला मी हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. साक्ष झाली असती तर अशा आणखी किती आल्या असत्या? मावसभाऊ म्हणाला, "तू मातेचा गौरव हिरावून घेतलास." आजही ११ फेब्रुवारीला लूर्दमातेच्या सणाला चर्चच्या आवारात तो मला बघून तोंड फिरवतो.

आता तिथे तपासतात कसं ते बघा. लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. आपण बरे झालो असं सांगणाऱ्या सात हजारांहून जास्त लोकांची नोंद झाली आहे. २०२५ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ७२. आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकणारं हवं, आणि औषधोपचाराने त्याचा उलगडा होता कामा नये. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द उच्चारतच नाहीत. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने उलगडत नाही, एवढंच सांगतात. पुढचं बिशप ठरवतात. इटलीचा सैनिक व्हित्तोरियो मिकेली याच्या कमरेच्या हाडात सार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर होता. बायोप्सी १९६२ची, लूर्दची यात्रा १९६३ची. कॅन्सरने खाल्लेलं हाड पुन्हा भरून आल्याचे एक्स-रे आहेत. तरी निर्णय यायला १९७६ उजाडलं. माझ्या आईची फाइल तर त्यांनी पहिल्या पानावरच मिटली असती. ऑपरेशन, सहा केमो, विषय संपला.

आणि ते ७२ अगदी निर्विवाद धरले, तरी बर्नादेतला १८५८ साली गुहेत कोण दिसलं हे त्यातून सिद्ध होत नाही. दिसलेल्या स्त्रीने स्वतःचं नाव 'निष्कलंक गर्भसंभव' सांगितलं, म्हणजे गर्भात आल्यापासूनच पापाचा डाग नसलेली. लोक हमखास सांगतात की चौदा वर्षांच्या त्या अडाणी मुलीला हे नाव ठाऊक असणंच शक्य नव्हतं. मला हा मुद्दा लंगडा वाटतो. पोपने तो सिद्धांत १८५४ सालीच जाहीर केला होता, चार वर्षांत तो शब्द तिच्या कानावर पडला असेलही. माझा विश्वास बसतो तो तिच्या वागण्यामुळे. सुरुवातीला तिने 'माता दिसली' असं म्हटलंच नाही, तिच्या बोलीत नुसतं 'ते' म्हणायची. पोलिसांनी दरडावलं तरी तिने सांगणं बदललं नाही. कुणाचा पैसा घेतला नाही. स्वतः दम्याने हैराण होती, आणि शेवटी ३५व्या वर्षी क्षयाने कॉन्व्हेंटमध्ये गेली. माझं काम तुम्हाला सांगण्याचं, पटवण्याचं नाही, असं ती विचारणाऱ्यांना म्हणायची. हे मावसभावाने एकदा तरी वाचावं.

मावशी होती तोवर एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या केमोनंतर आईचे हात कापायचे. एका सकाळी बाटली तिच्या हातून मोरीत पडली आणि सगळं पाणी वाहून गेलं. आईने ती धुतली, घरच्या विहिरीचं पाणी भरलं आणि शेवटपर्यंत तेच घेतलं. मला हे तिने पुढे खूप वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, "मग मावशीला का नाही बोललीस?" म्हणाली, "तिने एवढ्या लांबून आणलं होतं गं. आणि नमो मरिया तर तीच होती ना?" बाटली आता माझ्या देव्हाऱ्यात आहे. मुकुटावरचा निळा रंग आईच्या बोटांनी एका बाजूने झिजलाय.

हेही सांगते, मी रोज रोझरी म्हणते, नास्तिक नाही. पण अशी दर्शनं खासगी मानली जातात. ती न मानणारा कॅथलिकही कॅथलिकच असतो, ही आपल्या चर्चची स्वतःची शिकवण आहे. २०२४ साली व्हॅटिकनने नवे नियम काढले. आता यापुढे एखादं दर्शन अलौकिक आहे असं सहसा जाहीरच करणार नाहीत. भक्तीला हरकत नाही, इथवरच थांबतात.

घरात कुणी आजारी आहे म्हणून विचारत असाल, तर पाणी जरूर द्या. औषध एक दिवसही चुकवू नका. आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे तपासलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, लॅबकडून मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही. आईचा आम्ही मागितला नाही, आणि नंतर तो मिळाला नाही.