ऐकीव माहितीवर एकही रकाना भरू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, पुढे एम.एस्सी. करायची आहे, कोल्हापूर की बेळगाव हे ठरत नाही आणि घरच्या भातशेतीवर दोघा भावंडांचं शिक्षण निभत नाही. हे सगळं समजलं. तू हुशार आहेस की नाही, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. ते तुझ्या मार्क्स कार्डावर दिसतंच. मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. शेजारच्यांनी सांगितलं की कर्नाटकात मराठी भाषिकांना अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळते. कुणी म्हणालं, थ्री-बी या मागास प्रवर्गातल्यांना काहीच नसतं. मैत्रीण म्हणाली, फेलोशिप फक्त पीएच.डी. करणाऱ्यांना. या तिन्ही गोष्टी सांगितल्या तशा खऱ्या नाहीत आणि तू त्या न तपासता त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांचा बेत आखत होतीस. मूळ नियमपत्रक स्वतः वाच. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

अल्पसंख्याक शिष्यवृत्ती धर्मावर असते. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहा समाज त्यात येतात. निपाणी-चिकोडीकडच्या मराठी बोलणाऱ्या जैन मुलाला ती मिळू शकते, पण ती जैन म्हणून, मराठी म्हणून नव्हे. आपली भाषा इथे अल्पसंख्य आहे हे खरं, पण त्या योजनेचा भाषेशी संबंध नाही. नियमपत्रकाच्या पहिल्याच पानावर हे लिहिलेलं असतं.

आता थ्री-बी. कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत मराठा समाज थ्री-बी प्रवर्गात आहे आणि मागासवर्ग कल्याण खात्याच्या योजना या प्रवर्गालाही लागू आहेत. 'विद्यासिरी' त्यातलीच एक. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला जेवणखाण आणि राहण्यासाठी महिना १,५०० रुपये, वर्षाचे दहा महिने. उत्पन्नाची मर्यादा मात्र कडक आहे आणि प्रवर्ग एकची मर्यादा वेगळी, बाकीच्यांची वेगळी. 'काहीच नसतं' असं सांगणाऱ्याच्या डोक्यात बहुधा कुणाचा तरी उत्पन्नावरून नाकारलेला अर्ज असावा. कारण वेगळं आणि निष्कर्ष वेगळा, आणि तो निष्कर्ष सगळ्या गल्लीत फिरतो. म्हणून म्हणतो, स्वतः वाच.

इथेच दुसरा खड्डा आहे आणि त्यात आपल्याकडची मुलं हमखास पडतात. राज्याची मागासवर्गीय यादी आणि केंद्राची ओबीसी यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. राज्याचा थ्री-बी दाखला हातात आहे म्हणून केंद्राच्या अर्जात 'ओबीसी' हा पर्याय निवडायचा नाही. केंद्राच्या यादीत कर्नाटकाच्या पानावर आपल्या जातीचं नाव, त्याच नोंदीने, आहे का ते बघायचं. नसेल तर ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांत, बसतेस का ते बघ: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि शेती ५ एकर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी तो दाखला मिळत नाही. तुझ्याकडच्या बऱ्याच घरांची जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी न झालेली असते. तेव्हा उतारा समोर ठेवून तहसीलदार कार्यालयात विचार. हे आत्ता निस्तरलं नाहीस तर एम.एस्सी.नंतर नेट या पात्रता परीक्षेच्या अर्जात हाच प्रश्न पुन्हा समोर येईल आणि तेव्हा चूक दुरुस्त करायला वेळ नसेल.

आता कागदांकडे येऊ, कारण बहुतेक अर्ज गुणांवरून नव्हे, कागदांवरून अडकतात. सगळ्यात आधी नाव. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर नावामागे वडिलांच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांची गर्दी, आधारवर पूर्ण आडनाव, बँकेत तिसरंच काही. मराठी नाव आधी कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेलं की 'ज'चा 'झ' होतो, 'श'चा 'स' होतो. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. एसएसएलसीची नोंद बदलणं महाकठीण आणि आधार बदलणं त्यामानाने सोपं, म्हणून आधार, बँक आणि जात-उत्पन्नाचा दाखला हे तिन्ही एसएसएलसीच्या नावाला जुळवून घे. आधारमधल्या दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा ते अर्ज सुरू होण्याआधी व्हायला हवं. अर्ज उघडून ठेवून दुरुस्तीला धावणारी मुलं मुदत गमावतात.

जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) किंवा 'ग्राम वन' सेवा केंद्रातून काढलास की त्यावर आरडीने सुरू होणारा क्रमांक असतो. एसएसपीला, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला, कागदाची छायाप्रत नको असते, हा क्रमांक हवा असतो. तो टाकला की दाखल्यावरचा प्रवर्ग आणि उत्पन्न आपोआप येतं. म्हणजे दाखल्यात प्रवर्ग चुकला असेल तर अर्जातही चुकतो आणि तुला तो बदलता येत नाही. दाखला हातात पडल्याबरोबर काउंटरवरच वाच. मुदत कधी संपते तेही तिथेच बघ.

मग बँक. 'माझं खातं आधारशी जोडलेलं आहे' हे वाक्य मला नको. खात्याची केवायसी आधारने झालेली असणं एक आणि थेट लाभाचे पैसे येण्यासाठी ते खातं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत असणं दुसरं. आधार क्रमांकावर शेवटी ज्या खात्याची नोंद झाली तिथेच पैसे जातात. कुठल्या तरी कारणाने मध्येच दुसरं खातं उघडलं आणि तिथे संमतीच्या फॉर्मवर सही केली, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते, त्यावर बँकेचं नाव दिसतं. ते नाव बघ. 'ॲक्टिव्ह' दिसतं का तेही बघ.

एसएसपीवर कॉलेजचा भाग वेगळा असतो. काही कागदांना ई-अटेस्टेशन, म्हणजे ऑनलाइन साक्षांकन, लागतं; ते कॉलेजचा नेमलेला अधिकारी करतो आणि त्याचा क्रमांक तुला अर्जात टाकायचा असतो. फीची पावती आणि यूयूसीएमएसचा (विद्यापीठ-कॉलेजांच्या ऑनलाइन प्रणालीचा) नोंदणी क्रमांक अचूक टाक. 'सबमिट' झालं म्हणजे झालं, असं समजू नकोस. अर्ज आधी कॉलेजकडे आणि मग खात्याकडे जातो. तो कुठे थांबलाय ते आठवड्यातून एकदा बघायचं आणि कॉलेजकडे अडकला असेल तर ऑफिसात जाऊन अर्ज क्रमांकासकट विचारायचं. सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसतील तर येणाऱ्याकडून शब्दन् शब्द वाचून घे, सारांश ऐकू नकोस.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहेत. तिथे आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करावं लागतं. मोबाइलवर आधारच्या ॲपने चेहऱ्याची पडताळणी होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो शिक्षण संपेपर्यंत तोच राहतो, म्हणून वहीत लिहून ठेव. तुझ्यासाठी तिथली सगळ्यात महत्त्वाची योजना म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती: देशभरात १०,००० जागा, महिना १५,००० रुपये, वर्षाचे दहा महिने. वय ३० च्या आत हवं, कोर्स नियमित हवा, म्हणजे दूरशिक्षण चालत नाही, आणि अर्ज पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी करायचा. निवड पदवीच्या गुणांवर होते. म्हणून हे शेवटचं सेमिस्टर हलकं घेऊ नकोस. कॉलेजने तपासताना अर्ज 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत पाठवला तर घाबरू नकोस. तो दुरुस्त करून ठरलेल्या तारखेआधी पुन्हा पाठवता येतो. 'रिजेक्टेड' झाला की मात्र संपलं. तारखा अनेकदा वाढतात हे खरं आहे, पण वाढतील असं धरून चालणाऱ्याला मी मदत करत नाही.

तुझा भाऊ यंदा पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे ना? त्याच्यासाठी पीएम-यूएसपी ही योजना बघ. बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणारे, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बोर्डातल्या शंभरांतल्या किती जणांच्या पुढे आहेस ते, हे त्याला समजावून सांग. ८० टक्क्यांना घाबरून अर्ज न करणारे अनेक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते. नवा अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो. पुढे दरवर्षी नूतनीकरण लागतं, त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. नूतनीकरण विसरणं हा या योजनेतला सगळ्यात मोठा तोटा आहे.

कोल्हापूरबद्दल. सीमेपलीकडे गेलीस की राज्य बदलतं आणि रहिवासाची अटही बदलते. कर्नाटकाच्या योजना कर्नाटकातल्या रहिवाशासाठी, महाराष्ट्राच्या महाडीबीटी या पोर्टलवरच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास किंवा त्यात स्पष्ट लिहिलेली सवलत लागते. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांना सीमाभाग मानतं, त्यातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा प्रकार आहे. त्यासाठी त्या गावचा रहिवास आणि मातृभाषा असे दोन्ही दाखले लागतात. पण प्रवेशातली सवलत म्हणजे फीची सवलत नव्हे आणि इंजिनिअरिंगचा नियम एम.एस्सी.ला आपोआप लागू होत नाही. 'आपण सीमाभागातले, आपल्याला मिळतं' एवढ्यावर तिकडे प्रवेश घेऊन मोकळी होऊ नकोस. विभागाचं माहितीपत्रक मागव आणि त्यातला तो परिच्छेद मला दाखव. दोन्हीकडच्या शिष्यवृत्त्यांना अर्ज करून ठेवू, हा विचारही सोड; बहुतेक सरकारी योजनांत एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते आणि हमीपत्रावर तुझी सही असते.

फेलोशिप पीएच.डी.वाल्यांची असते, यात अर्धं सत्य आहे. संशोधनाची जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, तशीच आहे: नेट परीक्षेतून निवड, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पण तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांसाठीही आहे. दोन महिने एखाद्या संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. पदवीनंतर खेड्यात काम करायचं असेल तर एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे, वय २१ ते ३२. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि मराठी यायला हवं. आपल्या भागातल्या मुलांची मराठी कुणापेक्षा कमी नाही, तरी ती जाहिरात उघडूनही बघत नाहीत. का? कुणी तरी सांगितलेलं असतं, 'आपलं तिकडे काही होत नाही.'

फेलोशिपच्या अर्जात निवेदन लिहावं लागतं आणि तिथे सगळे सारखंच लिहितात: लहानपणापासून विज्ञानाची आवड, समाजासाठी काही तरी करायचंय. असं लिहू नकोस. तुझ्या खानापूरकडे मुसळधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात काही वाड्यांवर पाण्याची ओढाताण होते. तू रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तुझ्या गावच्या विहिरीच्या पाण्याची कठीणता कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढलीस, तर ते आकडे, कुठल्या महिन्यातले, कुठल्या पद्धतीने काढले आणि त्यातलं काय तुला समजलं नाही, एवढं लिही. जे समजलं नाही ते लिहिलेलं असलं की निवड करणारा थांबून वाचतो. शिफारसपत्र मागताना सरांना किमान तीन आठवडे दे. सोबत तुझं निवेदन, मार्क्स कार्ड आणि योजनेची जाहिरात दे. आदल्या दिवशी मागितलेलं शिफारसपत्र कुणालाही लागू पडेल असं असतं, आणि तसं पत्र न दिलेलं बरं.

माझ्यावर रुसणारे बरेच आहेत. मी कुणाचा अर्ज भरून देत नाही, म्हणून मला कडक म्हणतात. म्हणोत. सायबरवाल्याने अर्ज भरला की बहुतेक वेळा त्याचा मोबाइल नंबर टाकला जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, त्रुटीचा संदेशही त्याच्याच मोबाइलवर जातो, आणि मुलाला कळतं ते मुदत संपल्यावर. एक अर्ज दुसऱ्याने भरून दिला की पुढचा दरवर्षी त्यानेच भरून द्यावा लागतो. मी हे कडकपणासाठी करत नाही. ज्या मुलीने एकदा नियमपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, तिला पुन्हा कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. यावर मी ठाम आहे आणि राहणार. टायपिंगला मदत घे, पण स्वतःचा नंबर टाक, ओटीपी स्वतः टाक, शेवटचं पान स्वतः वाच आणि त्याची प्रत काढून ठेव.

पुढच्या पत्रासोबत निवेदनाचा मसुदा पाठव. आधी मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी नंतर करू. ज्या योजनेसाठी लिहिलास तिचं नियमपत्रक सोबत जोड आणि पात्रतेच्या ज्या अटींत तू बसतेस त्यांच्याखाली पेनाने रेघ मारून पाठव. ज्या अटीबद्दल शंका आहे तिच्यासमोर प्रश्नचिन्ह कर. रेघा नसतील तर मसुदा न वाचता परत करीन.